एक चाक, चार शतांश

खरमाळे सर गेले तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे आले. म्हणाले, बाई, तुम्ही सरांना ऑफिसात पाहिलंत, पुढं शेजारी राहिलात, दोन चांगले शब्द लिहून द्या. मी आठ दिवस बसले. एक शब्द झाला, तो 'वक्तशीर'. दुसऱ्यासाठी फार ओढाताण केली, पण आला नाही. मग त्यांना निरोप धाडला की तुमच्या पुस्तिकेत माझं बसायचं नाही, सरांच्या फोटोला हार घालून मोकळे व्हा. हे त्यांच्यासाठी नाही. मी सत्तरी ओलांडली आहे, आता मला कोणी मेमो देऊ शकत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या तंत्रशाळेत मी कारकून होते आणि सर मशिनिस्टच्या मुलांना शिकवत. उंच, वाळलेले, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरच्यानं आत्ताच काहीतरी चुकीचं मोजलेलं आहे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची पोलादी पट्टी. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. अंदाजे दहा मिनिटांत येतो म्हणणाऱ्या शिपायाला त्यांनी एकदा घड्याळ लावून दारात उभं केलं होतं. घरीही तेच. त्यांच्या पत्नी विमलवहिनींनी होळीला पुरणपोळी वाढली तर सरांनी ताटात जाडी मोजायचा व्हर्निअर घातला. म्हणाले, कडेला दोन मिलिमीटर, मध्ये साडेतीन. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "खायची आहे की बसवायची आहे?" त्या घरातलं सगळं शहाणपण त्या बाईकडं होतं, पण तिला कोणी कधी सर म्हटलं नाही.

आणि मी? मी तेव्हा अडतिशीची, दोन पोरांची आई, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती. पण सर सह्या करायला ऑफिसात येण्याच्या दिवशी मी खळ घातलेली साडी नेसून जायचे. ते मस्टरवर सही करायचे तेव्हा मी त्यांच्या सहीकडे बघायचे, की बाई बाई, अक्षरं सुद्धा कशी एका उंचीची. आमच्या ह्यांना हे कोणी सांगू नका. ते वाचत नाहीत म्हणून तर लिहितेय.

तर युनूस शेख नावाचा एक मुलगा त्या वर्षी मशिनिस्टला होता. त्याचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. लाल झालेली धाव लाकडी चाकावर चढवून वरून पाणी ओतायचं, ते काम. घरातून पहिल्यांदाच कोणीतरी मशीनवर जाणार म्हणून ते मुलाची फी भरायला स्वतः यायचे आणि माझ्या टेबलासमोर टोपी काढून उभे राहायचे. परीक्षेत युनूसनं लेथवर एक शाफ्ट, म्हणजे गोल लोखंडी दांडा, काढला. बाहेरून आलेल्या परीक्षकांना परतीची गाडी गाठायची होती, त्यांनी मोजमाप सरांवर सोपवलं. सरांनी आपल्या मायक्रोमीटरनं मोजलं आणि सगळ्यांसमोर तो शाफ्ट भंगाराच्या पेटीत टाकला. चार शतांश कमी. मिलिमीटरच्या शंभर भागांतले चार. युनूस नापास. "हात जाड आहे तुझा," असं सर त्याला म्हणाले. पुन्हा बसायचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता, पण तो न्यायला कोणी आलं नाही. वडिलांनी त्याला मामाच्या सायकलच्या दुकानात बसवलं.

पंधरा दिवसांनी पुण्याहून तपासणीचं पत्र आलं. सरांनी आपला मायक्रोमीटर तपासायला पाठवला होता, का पाठवला ते त्यांनाच ठाऊक. टपाल मीच फोडायचे. पत्रात लिहिलं होतं की हे उपकरण पूर्ण मिटवलं तरी शून्यावर येत नाही, प्रत्येक माप चार शतांश कमी दाखवतं. मी दोनदा वाचलं. तेवढ्यात सर टेबलापाशी आले, पत्र पाहिलं, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "फाईलला लावून टाका, बाई."

मी लावलं. भोक पाडायच्या यंत्रानं दोन भोकं पाडली आणि लावलं. साडीची खळ सुद्धा मोडली नाही.

वीसेक वर्षं गेली. आम्ही दोघं पुढंमागं निवृत्त झालो. केडगावात आमच्या शेजारचाच प्लॉट सरांनी घेतलेला. आता हा माणूस निवृत्त होऊन काय करील, तर बाग करील, देवळात जाईल, नातवंडांना पाढे म्हणायला लावील. सरांनी एका चाकावर बसायला सुरुवात केली. तशी खोड जुनी होती. तंत्रशाळेच्या गॅदरिंगमध्ये भंगारातून केलेल्या एकचाकीवरून ते स्टेजला चक्कर मारायचे आणि आम्ही बायका टाळ्या पिटायचो. पण ते साधं चाक. पायडल सरळ चाकाच्या आसालाच, साखळी नाही, मोकळं फिरणं नाही. पाय एकदा फिरले की चाक एकदा फिरणार, पाय थांबले की माणूस तोंडावर. त्याच्यावरून लांब जायचं म्हणजे शिलाई मशीन चालवत गावाला जाण्यासारखं.

मग त्यांचा एक विद्यार्थी जर्मनीहून सुट्टीवर यायचा होता. त्यानं फोनवर विचारलं, सर काय आणू. बिचाऱ्याला वाटलं, घड्याळ नाहीतर बाटली म्हणतील. सरांनी दोन गिअरचा एकचाकी हब मागितला. वाटीएवढा तो डबा, चाकाच्या मधोमध बसायचा, आणि पोटात बारीक दातेरी चाकं. पहिल्या गिअरमध्ये साधंच चाक, दुसऱ्यात पाय एकदा फिरवला की चाक दीडदा फिरायचं. गिअर बदलायचा तो हातानं नाही. आसाच्या दोन्ही टोकांना पायडलच्या मुळाशी एकेक बटण. चालू चाकावर, तोल न सोडता, टाचेनं ते ठोकायचं. उजवं ठोकलं की वेग, डावं ठोकलं की चढ. चुकून घोट्याचं हाड त्यावर बसलं की विमलवहिनींची हळद.

हब आला त्या दिवशी सर अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खोकं उघडायला बसले. वहिनी म्हणाल्या, सत्यनारायणाला कधी इतके नेमानं बसले नाहीत.

हबपासून रिमपर्यंत तारा, म्हणजे स्पोक, ओढून चाक करायचं काम सरांनी आधी स्वतः केलं. चाक दोनदा लोळलं, म्हणजे तव्यावरची वाकडी भाकरी फिरावी तसं फिरलं. मग ते म्हणाले, तार ओढणं हे काय मशिनिस्टचं काम नव्हे, ती हमाली आहे, आणि चाक युनूसच्या दुकानात नेऊन दिलं. युनूस आता युनूसभाई झाला होता. पुणे रस्त्याला दुकान, दाढीत पांढरं, नगरमधल्या हौशी सायकलवाल्यांची चाकं त्याच्याकडेच यायची. पण दुकानात लेथ नव्हता. कोणी आस घासून दे, बुश काढून दे म्हटलं की हसून सांगायचा, "आपला हात जाडाय भाऊ, दुसरीकडं न्या." हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं. माझी स्कूटी दर महिन्याला हवा-पंक्चरसाठी तिथंच जायची. तो माझ्यासाठी स्टूल पुसून द्यायचा आणि मी बसायचे.

एका दुपारी त्यानं चाक केलं. तारा बोटानं छेडत होता आणि कान देऊन ऐकत होता. सरांनी घरी आणून, केसाएवढं डगमगणंही सुईवर दाखवणारा डायल लावून चाक फिरवलं. सुई हलली नाही. अर्धा तास त्यांनी खोट शोधली. मग म्हणाले, "ठीक." तेही मला म्हणाले. युनूसभाईला जाऊन सांगायचं त्यांना सुचलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते, आणि नातीला सांगते तेव्हा हसूही येतं. साठीच्या बाईनं पांढरे बूट विकत घेतले. का, तर सर रोज सकाळी अरणगावच्या रस्त्याला सराव करायचे आणि मागून येणाऱ्या गाड्यांना थोपवायला कोणीतरी हवं होतं. मी स्कूटीवरून त्यांच्यामागं, स्कूटीच्या आरशाला लाल रुमाल बांधून. ते उजवी टाच उचलायचे, मी श्वास रोखायचे, बटण टक्कन वाजायचं आणि सर गाजर गवतात. उठल्यावर कधी म्हणायचे नाहीत की पडलो. म्हणायचे, "टाच दोन अंश बाहेर होती." माझ्याकडे पाण्याची बाटली होती, ती घ्यायचे, आभार नाहीत. आणि मी घरी येऊन ह्यांना सांगायचे की सरांची जिद्द बघा. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जिद्द त्यांची, पेट्रोल माझं."

खरं सांगायचं तर सर शिकले मात्र. चौसष्टाव्या वर्षी शिकले, आणि झक्क शिकले. ते मी नाकारत नाही, नाकारलं असतं तर मजा आली असती. सपाटीला उंच गिअर टाकून जायचे तेव्हा मधमाशी घोंगावावी तसा हबमधून बारीक आवाज यायचा आणि पाठ अशी ताठ, की शर्टाला हँगर तसाच राहिलाय वाटावं. मांजरसुंब्याच्या डोंगराकडच्या पायवाटेनं डावं बटण ठोकून, दगडांवरून टुणटुण उड्या मारत चढायचे. लोक गाड्या थांबवून बघायचे. एक पत्रकार येऊन फोटो काढून गेला आणि खाली छापलं की वय हा केवळ आकडा. सरांनी ते कात्रण मला दाखवलं. म्हणाले, "चाकाचा व्यास चुकीचा छापलाय."

लोकांशी बोलायची त्यांची रीत अशीच. एकदा ते हिवरे बाजारच्या डोंगरावर गेले, मी अर्थात मागं, पांढरे बूट. तिथं उतारावर पाणी अडवायला खणलेले चर आहेत. गावातल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला बोलावलं, पेलाभर दूध दिलं. सर दूध प्याले, चरापाशी डोळा लावून वाकले आणि म्हणाले, हा चर मधे उतरलाय, लेव्हल नाही. म्हातारा रागावला नाही. म्हणाला, "पावसाळ्यात या सर. पाणी भरल्यावर त्येला इचारू, कुटं उतारलंय. आमी तर पंधरा वर्सं त्येलाच इचारतोय." सर वर बसले आणि निघाले. त्या पावसाळ्यात मी मुद्दाम पुन्हा जाऊन बघून आले. पाणी चरभर एका रेषेत उभं होतं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "पाहणाऱ्याची जागा चुकली असेल." माझी म्हणजे.

श्रीगोंद्याला गेले तेव्हाचंही तसंच. उसाच्या गाडीवरचा एक जण ओरडला, "ओ बाबा, दुसरं चाक कुटं पाडलं?" त्याच्या गाडीतली माणसं हसली, मीही हसले. सर न थांबता म्हणाले, "ज्यांना लागतं त्यांना देऊन टाकलं." हे मात्र बरं बोलले. परतीला टेम्पोत चाक घालून आले, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी मात्र सगळ्या कॉलनीला सांगितलं.

हबच्या देखभालीचं एक छोटं पुस्तक आलं होतं. त्यात लिहिलेलं, की आतलं ग्रीस खास आहे, वर्षातून एकदा एवढंसंच, सुईच्या पिचकारीनं एका बारीक भोकातून भरायचं. जास्त नको. आमच्या भागात उसाच्या ट्रॉल्यांना ग्रीस मारायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. गनचं तोंड लावायचं आणि कडेनं ओघळ येईपर्यंत दाबत राहायचं. सरांना त्या पद्धतीचा भारी तिटकारा. युनूसभाईच्या दुकानात उभं राहून त्यांनी एकदा भाषणच दिलं होतं, की ओघळेपर्यंत भरणारी ही जात, यांना मापाचं काय.

चौथ्या वर्षी खास ग्रीस संपलं. सरांनी ठरवलं, आपण इथलंच ग्रीस थोडं तेल घालून पातळ करू आणि किती भरायचं ते हिशेबानं काढू, पुस्तकातलं माप भित्र्या लोकांसाठी असतं. त्यांनी कागदावर हबच्या पोटाचं घनफळ काढलं, तीन दशांश स्थळांपर्यंत. तो कागद मला दाखवला, मी मान डोलावली. मला काय कळतंय घनफळातलं. पिचकारी भरभरून त्यांनी तेवढं सगळं आत घातलं.

दोन दिवसांनी अरणगावच्या उतारावर बटण दाबलं ते आत गेलं आणि तिथंच राहिलं. ना पहिला गिअर ना दुसरा. चाक अडलं आणि सर पुढं फेकले गेले. हनुवटी फुटली, मनगट सुजलं. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून आणलं. कॉलनीत न जाता म्हणाले, "युनूसकडे घ्या." तिथं चार गिऱ्हाईकं बसलेली. त्यांच्यासमोर, हनुवटीला रुमाल धरून, सर म्हणाले, "तारा जास्त ताणल्यास. हबची कवटी दबली. तेव्हाच सांगितलं होतं तुला, हात जाड आहे."

चार वर्षं ज्या तारांवर हा माणूस डोंगर चढला, त्या तारा. युनूसभाईनं चाक फिरवून पाहिलं, दोन तारा छेडल्या. काही बोलला नाही. मीही नाही बोलले. तारा कोणाच्या आणि ग्रीस कोणाचं, ते त्या दुकानात फक्त सरांना आणि मला माहीत होतं.

मग हब चाकासकट टीव्हीवर जाऊन बसला. बाहेरदेशी पाठवायचा तर कुरिअरवाल्यांवर सरांचा विश्वास नाही. स्वतः उघडायचा, तर तिथं खरी अडचण निघाली. ती मला वहिनींनी सांगितली, भाजी निवडताना, खालमानेनं. सरांचे हात थरथरायला लागले होते. वर्ष झालं होतं. म्हणून ते चहा अर्धा कप मागत, आणि मला ते पथ्य वाटायचं. हबमधली चाकं सुपारीएवढी, स्क्रू तिळाएवढे. एकचाकी चालवायला हात लागत नव्हते, म्हणून तर ते त्या चाकाला इतके चिकटून होते. वहिनी म्हणाल्या, "त्या चाकावरनं उतरले तर हे खुर्चीतनं उठायचे नाहीत, सांगून ठेवते."

महिनाभरानं सर चाक घेऊन, माझ्या स्कूटीवर मागं बसून, युनूसभाईकडे गेले. आवाज नेहमीचाच, पण शब्द विनंतीचे होते, म्हणजे त्यांच्यापुरते. हब उघडून बघ म्हणाले. युनूसभाईनं हात पुसले. अदबीनंच म्हणाला, "नापास माणसाच्या हातात देताय, सर? नको. उद्या पुन्हा चारचौघांत आईकावं लागंल." आणि चाक उचलून त्यानं स्वतः माझ्या स्कूटीला बांधून दिलं.

त्या दिवसापासून मला झोप लागेना असं लिहायला छान वाटेल, पण मला उत्तम झोप लागत होती. वीस-पंचवीस वर्षं लागत होती ती एका वाक्यानं का मोडेल? फक्त एवढं झालं की मी सरांकडे बघायला लागले. हा माणूस आता काय करतो? त्या शाफ्टचं खरं सांगितल्याशिवाय युनूसभाई हब उघडत नाही, आणि खरं सांगितलं तर सरांचं काय उरतं? सहा आठवडे ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. विमलवहिनी खिडकीतून मोजायच्या.

एका सोमवारी सकाळी दहाला त्यांनी हाक मारली, "सोनवणेबाई, गाडी काढा." मला वाटलं, दवाखाना. त्यांच्या हातात चाक होतं. मी बूट घातले. आता काहीतरी बघायला मिळणार म्हणून पाय झपझप पडत होते, हेही कबूल करते.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. युनूसभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्यानं माझ्यासाठी स्टूल पुसलं. मी बसले. सर बसले नाहीत. प्रात्यक्षिकाच्या वेळी उभे राहायचे तसे उभे राहिले आणि म्हणाले, "युनूस, तुझा शाफ्ट मापात होता. मायक्रोमीटर चार शतांश कमी दाखवत होता. मला पंधरा दिवसांनी कळलं."

युनूसभाईचा हात पाण्यातच राहिला.

सर थांबले असते तर मी आज त्यांच्यावर दुसरा चांगला शब्द लिहू शकले असते. पण ते थांबले नाहीत. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "या बाईंनाही माहीत होतं. पत्र त्यांनीच फाईलला लावलं." एवढ्या एका गोष्टीत सुद्धा त्यांना भागीदार लागला. आणि गंमत अशी की त्यात खोटं काहीच नव्हतं.

युनूसभाईनं ट्यूब बाहेर काढली, झटकली, खुंटीला टांगली. बराच वेळ टांगत होता. मग सरांना म्हणाला, "अब्बांना जाऊन नऊ वर्सं झाली, सर. शेवटपर्यंत मला म्हणायचे, तू लक्ष दिलं न्हाईस." नंतर माझ्याकडे वळला. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर मी काहीतरी बोलू शकले असते. "मॅडम, तुमी तर दर म्हैन्याला येताय की हितं."

मी स्टुलावरून उठले. आयुष्यात मला इतक्या लोकांनी इतकं काय काय ऐकवलं, सासूबाईंनी तर वहीच भरवली असती, पण असं कोणी उठवलं नव्हतं. माफी मागायला हवी होती. मी पांढऱ्या बुटांकडे बघत उभी राहिले.

सर म्हणाले, "उघडतोस का?"

बघा, हा माणूस. दुसरा कोणी असता तर निदान दोन मिनिटं खाली मान घातली असती. युनूसभाई आत गेला, साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आला. बाकावर स्वच्छ पांढरं फडकं पसरलं. म्हणाला, "लांब हुबं राहा सर. सावली पडती." आणि तंत्रशाळेचे खरमाळे सर दोन पावलं मागं सरले.

तीन तास आम्ही दोघं उभे होतो. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही, आम्ही बसलो नाही. त्याची बोटं बायका मोत्याची नथ ओवतात तशी चालत होती. एकेक चाक काढून फडक्यावर ओळीनं ठेवलं, जसं निघालं त्या क्रमानं. डबा उघडला तेव्हा आतून ग्रीस लोण्यासारखं वर आलं.

"ह्ये कुनी भरलं?"

"मी."

"किती?"

"हिशेबानं. आतल्या पोटाचं घनफळ काढून."

युनूसभाईनं फडक्यावरच्या चाकांकडे पाहिलं. मग सरांकडे. "ही वजा केली न्हाईत."

सरांचा चेहरा मी नीट पाहिला, ती संधी मी सोडणार नव्हते. रिकाम्या डब्याचं माप काढून त्यांनी भरल्या डब्यात ओतलं होतं. ओघळेपर्यंतच की ते, फक्त दशांशासकट. सर म्हणाले, "नाही केली." बस. तारांबद्दल काही बोलले नाहीत. बोलायची गरजही उरली नव्हती, तारा समोरच होत्या, ताठ.

त्यानं सगळं रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं, पुस्तकात सांगितलं तेवढंच ग्रीस घातलं. ते खास ग्रीस सरांच्या त्या जर्मनीच्या विद्यार्थ्याला फोन करून युनूसभाईनं महिन्याभरापूर्वीच मागवून ठेवलं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. चाकं परत बसली. अंगठ्यानं बटण दाबलं, टक्. दुसरं दाबलं, टक्.

आणि सरांनी पिशवीतून डायल काढला. मला वाटलं, आता याला मारावं. त्यांनी चाक उभं केलं, डायल लावायला गेले, पण हात ऐकेना. सुई पाखरासारखी फडफडायला लागली. दोनदा, तीनदा. युनूसभाईनं त्यांच्या हातातून डायल घेतला, स्टँडला बसवला आणि चाक फिरवलं. सरांचा चष्मा घामानं धुरकटलेला.

"सुई कुठं आहे?" सरांनी विचारलं.

"शून्यावर."

सरांनी वाकून बघितलं नाही. "लिहा, बाई," म्हणाले, मस्टरवर सांगायचे तसे. माझ्याकडे कागद नव्हता, पेनही नव्हतं. युनूसभाई हसला. त्या दिवशीचं त्याचं ते एकच हसणं, आणि ते मला बघून होतं. आज मी तिथं जाते तेव्हा तो काम तसंच करतो, चोख, पण स्टूल पुसत नाही. मीच पदरानं पुसते, किंवा उभी राहते.

त्यानं पायडल बसवले, खोगीर सरांच्या उंचीला लावलं आणि चाक रस्त्यावर नेऊन धरलं. सरांनी दुकानाच्या खांबाचा आधार घेतला, वर बसले, एकदा मागं झुकले, एकदा पुढं, आणि सुटले. दुपारचं ऊन होतं, ट्रक चालले होते. पन्नासेक पावलं गेल्यावर त्यांनी उजवी टाच उचलली. आवाज आमच्यापर्यंत आला नाही, पण वेग आला. ताठ पाठ, दोन्ही हात बाजूला जरासे उघडे, आणि ते हात थरथरताहेत की तोल सांभाळताहेत ते इतक्या लांबून कळायची सोय नव्हती.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांना मुलगी नाशिकला घेऊन गेली, आणि मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं शेवटचे सर ते तेवढेच, पुणे रस्त्यावर लहान होत जाणारे. युनूसभाई आणि मी दुकानाच्या दारात उभे होतो, एकमेकांपासून अंतर राखून. मी म्हटलं, एकदा मागं वळून हात तरी करायचा. युनूसभाई म्हणाला, "एका चाकावर वळून बघता येत न्हाई, मॅडम. माणूस पडतो."

मला ते अजून पटलेलं नाही.